वादळाचे नाव छापताना त्याची पायरीही छापावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२८ ऑक्टोबर २०२५ या दिवशी पृथ्वीच्या दोन बाजूंना, काही तासांच्याच अंतराने, दोन वादळे किनाऱ्याला लागली. तिकडे जमैका बेटावर ‘मेलिसा’ आदळले आणि इकडे आंध्र प्रदेशात काकीनाड्याच्या परिसरात ‘मोंथा’. आमच्या गावच्या वाचनालयात येणाऱ्या दैनिकांत दोन्ही बातम्या ठळकपणे आल्या होत्या. एका बातमीत ‘हरिकेन’ होते, दुसरीत ‘चक्रीवादळ’, आणि एका दैनिकाने तर ‘हरिकेन चक्रीवादळ’ असा दोन्ही शब्दांचा जोडही घातला होता. ते वाचून, चाळीस वर्षे समुद्रावर काढलेल्या एका तांडेलांनी मला विचारले, “गुरुजी, हरिकेन म्हणजे चक्रीवादळाचा बाप काय?” मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे. त्यांना दिलेले उत्तर लांबले, आणि त्यातले बरेचसे वृत्तपत्रांच्याच कामाचे आहे असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ हे बाप, लेक आणि नातू नव्हेत. ती एकाच वादळाची तीन गावची नावे आहेत. समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सियसच्या वर तापलेले असावे, त्यावरून उठलेली वाफ वर जाऊन थिजताना उष्णता सोडत राहावी, मध्यभागी हवेचा दाब उतरत जावा आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे आत धावणाऱ्या वाऱ्याला वळण मिळावे, ही घडण तिन्हींची सारखीच असते. उत्तर गोलार्धात हा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, दक्षिण गोलार्धात काट्यांप्रमाणे, एवढाच काय तो फरक. नाव मात्र समुद्र ठरवतो. उत्तर अटलांटिकमध्ये आणि पॅसिफिकच्या पूर्व भागात त्याला हरिकेन म्हणतात, तारीखरेषेच्या पश्चिमेला जपान, चीन आणि फिलिपिन्सच्या बाजूला टायफून म्हणतात, आणि हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या भोवती सायक्लोन, म्हणजे आपले चक्रीवादळ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘डोरा’ हे हरिकेन पॅसिफिकमधून पश्चिमेकडे सरकत तारीखरेषा ओलांडून गेले, आणि त्या क्षणापासून सगळ्या पत्रकांत ते टायफून डोरा झाले. भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात म्हणून तिचे पाणी बदलत नाही, तसेच हे.

या शब्दांची कुळकथाही आपल्यापासून फार दूरची नाही. हरिकेन हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या बोलीतून स्पॅनिश खलाशांनी उचलला. टायफून या शब्दाच्या घडणीत चिनी, ग्रीक आणि अरबी-फारसी अशा अनेक भाषांचा हात सांगितला जातो, पण त्यातले अरबी-फारसी ‘तुफान’ आपण मराठीत रोज वापरतो, हे लक्षात आणून दिले की मुले हटकून हसत. आणि सायक्लोन हा शब्द तर हिंदुस्थानातच जन्मला. कलकत्त्याच्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष असलेले हेन्री पिडिंग्टन १८४० च्या दशकात वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वाऱ्याच्या दिशा ताडून पाहत असत. त्यांतून वारा वर्तुळात फिरतो हे त्यांनी दाखवले आणि सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव घडवले.

असे असले तरी तांडेलांचा प्रश्न भाबडा नव्हता. मेलिसा किनाऱ्याला लागले तेव्हा त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या वर होता आणि मोंथाचा ताशी ९० ते १०० किलोमीटर. दोन्ही चित्रे शेजारी पाहणाऱ्याला हरिकेन ही मोठी जात आणि चक्रीवादळ ही धाकटी असे वाटले, तर चूक वाचकाची नव्हे. शब्दांच्या वापरात एक खरी मेख आहे, ती कोणी सांगत नाही. अमेरिकेत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११९ किलोमीटर झाल्याशिवाय वादळाला हरिकेन म्हणतच नाहीत. तोवर ते नुसते उष्णकटिबंधीय वादळ असते. आपल्याकडे मात्र चक्रीवादळ हा शब्द ताशी ६२ किलोमीटरपासूनच लागू होतो. भारतीय हवामान विभागाच्या पायऱ्या पाहाव्यात. कमी दाबाच्या क्षेत्रानंतर ३१ ते ४९ किलोमीटरला डिप्रेशन, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन, ६२ ते ८८ ला चक्रीवादळ, ८९ ते ११७ ला तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र, १६७ पासून त्याहून वरची पायरी, आणि २२२ च्या पुढे सुपर सायक्लोन, म्हणजे महाचक्रीवादळ. तेव्हा हरिकेनची तुलना करायची तर ती आपल्या अतितीव्र आणि त्यावरच्या वादळांशी केली पाहिजे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ आदळलेल्या महाचक्रीवादळाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता आणि सुमारे दहा हजार माणसे त्यात गेली. १९७० च्या नोव्हेंबरात आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळात निदान तीन लाख माणसे समुद्राच्या लाटेखाली गेली. आपल्या वादळांना कोणी धाकटे समजू नये.

मोजणीतही देशोदेशी फरक आहे. वारा क्षणाक्षणाला कमी-जास्त होत असल्यामुळे त्याची सरासरी घ्यावी लागते. ती अमेरिकेत एका मिनिटाची, आपल्याकडे तीन मिनिटांची आणि जपान व ऑस्ट्रेलियात दहा मिनिटांची घेतात. जितका काळ लांब तितका आकडा कमी. त्यामुळे एकाच वादळाचे परदेशी संकेतस्थळावरचे आणि आपल्या वेधशाळेचे आकडे वेगळे दिसतात, आणि मग मोबाइलवर “सरकार खरा वेग लपवते आहे” असे निरोप फिरू लागतात. ऑस्ट्रेलियाची श्रेणी तीन आणि अमेरिकेची श्रेणी तीन याही एक नव्हेत. ऑस्ट्रेलियाची तिसरी श्रेणी साधारण तिथून सुरू होते, जिथून अमेरिकेची पहिली. आकड्यासोबत तो कोणाच्या पट्टीचा आहे हे छापले नाही, तर तो आकडा न छापलेला बरा.

कमी पायरीचे वादळ म्हणजे निभावून जाणारे वादळ, असेही मला म्हणायचे नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडलेले ‘निसर्ग’ आपल्या वेधशाळेच्या हिशेबात केवळ तीव्र चक्रीवादळ होते. ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधूनच १२० चे झोत. हरिकेनच्या उंबरठ्याच्याही खाली. त्या दुपारी आमच्या घराची पश्चिमेकडची कौले एकेक करून नव्हे तर ओळीने उठली आणि अंगणात फुटण्याऐवजी थेट शेजाऱ्याच्या आगरात जाऊन पडली. वारा थांबल्यावर आम्ही मागे गेलो, तर तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या साऱ्या पोफळी एकाच दिशेला आडव्या पडल्या होत्या, शेंडे पूर्वेकडे. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सात-आठ वर्षे लागतात. शेजाऱ्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. त्यांनी पडलेली झाडे मोजली नाहीत, उभी राहिलेली मोजली. ती अकरा होती.

हे सगळे ‘निसर्ग’ या नावाखाली आमच्या तालुक्याच्या आठवणीत आणि पंचनाम्यांच्या कागदात नोंदले गेले आहे. “निसर्गात आमचा गोठा गेला,” “फयानात होडी गेली,” असे आमच्याकडे बोलतात. ‘फयान’ २००९ च्या नोव्हेंबरात आले, हे साल सांगावे लागत नाही. नाव हवे ते याच कामासाठी. अक्षांश-रेखांश कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, नाव राहते. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे एकाच वेळी अरबी समुद्रात होती. त्या दिवसांत रेडिओवरचा इशारा नेमका कुठल्या वादळाचा, हे नावाशिवाय कळणे कठीण गेले असते. उलट १९९९ चे ओडिशाचे एवढे मोठे वादळ आजही बिननावाचे आहे, कारण आपल्या समुद्रांतील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ च्या सप्टेंबरात सुरू झाली.

या पद्धतीचा तपशील वाचकांना ठाऊक असायला हवा, कारण तो फार साधा आहे. २००४ साली आठ देशांनी प्रत्येकी आठ अशी चौसष्ट नावे दिली होती. त्यातले शेवटचे ‘अम्फान’ २०२० च्या मे महिन्यात संपले. तोवर देशांची संख्या तेरा झाली होती आणि प्रत्येकाच्या तेरा नावांची, म्हणजे १६९ नावांची, नवी यादी तयार झाली होती. तिच्यातले पहिले नाव बांगलादेशाने दिलेले ‘निसर्ग’. देशांची इंग्रजी वर्णानुक्रमे ओळ लागते आणि बंगालचा उपसागर असो वा अरबी समुद्र, पुढचे वादळ पुढचे नाव घेते. नाव धर्म, राजकारण किंवा कोणाच्या भावनांना लागणारे नसावे आणि इंग्रजीत आठ अक्षरांपेक्षा मोठे नसावे, असा नियम आहे. तरीही २०१३ साली श्रीलंकेनेच सुचवलेल्या ‘महासेन’ या प्राचीन राजाच्या नावावरून तिथे आक्षेप निघाले आणि ते वादळ पुढे ‘वियारू’ म्हणून नोंदले गेले. एकदा वापरलेले नाव आपल्याकडे पुन्हा येत नाही. अटलांटिकमध्ये मात्र सहा वर्षांच्या सहा याद्या फिरत राहतात आणि फार मोठा संहार केलेले नाव तेवढे कायमचे काढून घेतात. २००५ चे ‘कॅटरिना’ पुन्हा दिसणार नाही. अमेरिकेत १९५३ पासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत फक्त बायकांची नावे वादळांना देत. घरे मोडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बाईचे नाव द्यायची ही हौस आपल्या यादीत शिरली नाही, याचे मला समाधान आहे. फिलिपिन्सची तऱ्हा आणखी निराळी. जपानच्या वेधशाळेने दिलेले आंतरराष्ट्रीय नाव बाजूला ठेवून तो देश आपले घरचे नाव देतो. २०१३ चे ‘हैयान’ तिथे ‘योलांडा’ आहे आणि हैयान म्हटले तर तिथल्या साध्या माणसाला कदाचित उमजणारही नाही.

इथे माझी मुख्य तक्रार येते. २०२५ च्या मे महिन्यात, वादळ जन्मण्यापूर्वीच, त्याचे बारसे मराठीत उरकले गेले. यादीतले पुढचे नाव श्रीलंकेचे ‘शक्ती’ आहे एवढे कळल्याबरोबर “शक्ती चक्रीवादळ कोकणावर धडकणार” अशा बातम्या सुरू झाल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी गत. वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटरची पायरी गाठल्याशिवाय वेधशाळा नाव देत नाही, आणि असे कोणतेही चक्रीवादळ नसल्याचे हवामान विभागाला सांगावे लागले. प्रत्यक्षात काय झाले? २४ मे रोजी दुपारच्या सुमारास एक डिप्रेशन रत्नागिरी आणि दापोली यांच्यामध्ये किनारा ओलांडून गेले, म्हणजे जवळजवळ आमच्या दारावरून. ते चक्रीवादळ झालेच नाही, त्यामुळे त्याला नावच मिळाले नाही. पाऊस धो-धो पडला आणि दुसऱ्याच दिवशी मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाल्याचे जाहीर झाले. ‘शक्ती’ हे नाव पुढे ऑक्टोबरात अरबी समुद्रातल्या दुसऱ्याच वादळाला मिळाले, ते गुजरातच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला निघून गेले. पण तोवर आमच्याकडच्या लोकांनी “ती शक्ती मे महिन्यातच येऊन गेली की,” असे म्हणून हात झटकले होते. नावाने भीती घालायची आणि नावानेच ती घालवायची, हे दोन्ही आपण एका हंगामात करून दाखवले. शिवाय ‘शक्ती’ हे नाव वादळाच्या ताकदीबद्दल काहीही सांगत नाही. यादीत पाळी आली म्हणून ते मिळाले. ‘गुलाब’ नावाच्या वादळाने माणसे मारली आहेत.

त्याच गुलाबची गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकांसाठी सांगण्याजोगी आहे. २६ सप्टेंबर २०२१ ला ते उत्तर आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि जमिनीवर येताच त्याची पायरी उतरत गेली. पण उरलेले कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणातून मराठवाड्यावर आले आणि मांजरेच्या काठच्या लोकांनी २८ सप्टेंबरला जो पूर पाहिला तो ते अजून विसरलेले नाहीत. पुढे हेच क्षेत्र गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, पाणी उबदार होते, पुन्हा चक्रीवादळ झाले, आणि या वेळी त्याला कतारने दिलेले ‘शाहीन’ हे नाव मिळाले. ३ ऑक्टोबरला ते ओमानला धडकले. मधे वादळाची पायरी सुटली की नावही सुटते, असा नियम. २०२२ साली ‘बॉनी’ अटलांटिकमधून निकाराग्वा ओलांडून पॅसिफिकमध्ये गेले, पण वाटेत वादळच राहिले, म्हणून नाव टिकले. मराठवाड्यातला पूर मात्र ना गुलाब ना शाहीन. तो दोन नावांच्या मधल्या बिननावाच्या दिवसांत आला, आणि “वादळ ओसरले” ही बातमी वाचून निर्धास्त झालेल्यांच्या दारात आला.

“वादळ ओसरले” याइतकाच दुसरा घातक शब्दप्रयोग म्हणजे “कमी दाबाचा पट्टा”. मराठी वृत्तपत्रे कमी दाबाचे क्षेत्र, डिप्रेशन, डीप डिप्रेशन आणि खराखुरा लांबट पट्टा, या चारही गोष्टींना सरसकट पट्टाच म्हणतात. पट्टा म्हणजे नकाशावर लांब पसरलेला कमी दाब. क्षेत्राला मध्य असतो, तिथून ते डिप्रेशन होऊ शकते आणि पुढे वादळ. “पट्टा निर्माण झाला” असे वाचणाऱ्या मच्छीमाराला होडी काढायची की नाही हे कळत नाही. त्याला कळतो तो बंदरावरचा इशाऱ्याचा बावटा. हर्णै बंदरात तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे. बावट्याला नंबर असतो, नाव नसते.

शेवटचा मुद्दा उच्चाराचा. २०२१ च्या मे महिन्यात म्यानमारने दिलेले एका पालीचे नाव मराठीत तौक्ते, तौते, ताउते, ताऊक्ते असे चार परींनी छापले गेले. हवामान विभाग यादीसोबत प्रत्येक नावाचा उच्चारही देतो आणि त्यात मधला ‘क’ उच्चारायचा नाही, म्हणजे ‘ताउते’ जवळचे. येमेनने आपल्या जुन्या बंदराचे नाव दिले, ज्या बंदरातून कॉफी जगभर गेली, ते मोखा. मराठीत ते ‘मोचा’ झाले. सर्वांत वाईट मला वाटले ते ‘बिपरजॉय’चे. बांगलादेशाने दिलेला हा शब्द म्हणजे आपल्याच कोशातला ‘विपर्यय’. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो आणि अर्थ आपत्तीकडे झुकतो, इतकेच. तो इंग्रजी अक्षरांतून उचलल्यामुळे त्यात ‘जॉय’ शिरला आणि दूरचित्रवाणीवर दिवसभर आनंदाचा गजर होत राहिला.

तेव्हा आपल्या संपादकीय विभागाला माझी विनंती एवढीच आहे की वादळाच्या प्रत्येक बातमीत नावाशेजारी कंसात वेधशाळेने दिलेली त्या दिवसाची पायरी छापावी, नाव मिळण्याआधी ते वापरू नये, पायरी उतरली तरी पाऊस कुठे सरकतो आहे ते लिहावे, आणि यादीतील नावांची देवनागरी रूपे आधीच ठरवून एका कागदावर उपसंपादकांच्या टेबलावर चिकटवावीत. काम तासाभराचे आहे. यादीत ‘दितवाह’च्या पुढे बांगलादेशाचे ‘अर्णब’ आहे, जे मूळ संस्कृतातले ‘अर्णव’, म्हणजे समुद्र. बंगालीप्रमाणे लिहायचे की आपल्याप्रमाणे, हे आत्ताच ठरवता येईल. त्यानंतर भारताचे ‘मुरासु’, हे तमिळ नगाऱ्याचे नाव. आणि आणखी दोन नावे सोडली की म्यानमारचे एक नाव येते, ज्याची सुरुवात इंग्रजीत ‘एन’ आणि ‘जी’ या अक्षरांनी होते. ते ‘नगमान’ छापू नये. पहिलीच्या तक्त्यात ज्याच्यापुढे कधीच चित्र नसे, तो ‘ङ’ तिथे नेमका बसतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल-शिक्षक
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी